चिमूटभर धूप: रोमन काळातला ख्रिस्ती गच्चीवर कसा उभा करावा

पहिल्यांदा हा खेळ केला तेव्हा तो साफ फसला. चादरींचे टोगे, पुठ्ठ्याच्या ढाली आणि नातवाच्या मित्राने आणलेला सिंहाचा मुखवटा. तासभर पोरं एकमेकांच्या अंगावर गुरगुरत धावली, तुळशीशेजारच्या दोन कुंड्या फुटल्या, आणि 'रोमन राज्यात ख्रिस्ती असणं म्हणजे काय?' असं शेवटी विचारलं तर एकमुखाने उत्तर आलं, 'सिंह खातो, आजी.' ३२ वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यावर एवढं तरी कळतं की चूक पोरांची नव्हती. सिंह मी येऊ दिला होता.

त्यानंतर चार वेळा केला. इंदूरला रामबागेतल्या आमच्या बिल्डिंगची गच्ची, भिशीच्या बायका, त्यांचे नवरे (जे येतील ते) आणि सुट्टीला आलेली नातवंडं. आता जमतो. दोघी-तिघींनी 'आमच्याकडेही करायचाय, लिहून द्या' म्हटलं म्हणून हे लिहिते आहे. बारा ते सोळा माणसं, दोन तास आणि एक पेटता निखारा लागतो.

सगळ्यात आधी साल ठरवा. नुसतं 'रोमन काळ' म्हणून चालत नाही. नीरोने ६४ साली रोम जळाल्याचं खापर ख्रिस्त्यांवर फोडलं, तिथपासून ३१३ मध्ये त्यांना उघड मोकळीक मिळेपर्यंत अडीचशे वर्षं जातात. अहिल्याबाईंपासून आपल्यापर्यंत जवळजवळ तेवढीच. एवढा सगळा काळ रोज कोणाला तरी पकडत होते असंही नाही. २४९ पर्यंत साम्राज्यभर लागू होईल असा हुकूमच नव्हता. एखाद्या शहरात, एखाद्या सुभेदाराच्या वेळी, बहुतेकदा शेजारपाजारच्या तक्रारीवरून प्रकरण पेटायचं आणि मग वर्षानुवर्षं काही नाही. ते भुयारांत लपून राहायचे हेही डोक्यातून काढा. रोमजवळची ती भुयारं म्हणजे दफनभूमी. राहायची माणसं आपल्यासारखीच, गल्लीत, भाड्याच्या खोल्यांत, तुमच्या-आमच्या शेजारी.

मी दोन सालं घेते: साधारण ११२ आणि २५०. पहिल्या अंकाची जागा आजच्या तुर्कस्तानची उत्तरेकडची किनारपट्टी, बिथिनिया-पाँटस प्रांत. तिथला सुभेदार धाकटा प्लिनी. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या ७९ च्या स्फोटात ज्याचा मामा गेला तो, असं सांगितलं की पोरांच्या लक्षात राहतो. मूळचा वकील, कामाला चोख, आणि दर दुसऱ्या गोष्टीसाठी ट्राजन बादशहाला पत्र लिहून विचारणारा. ख्रिस्त्यांचं काय करायचं हेही त्याने विचारलं. ते पत्र आणि बादशहाचं उत्तर दोन्ही शिल्लक आहेत, म्हणून हा अंक उभा राहतो.

सामान थोडं आहे. एक पाट. एक धुपाटणं. पूजेतली पळी आणि वाटीभर कोकम सरबत. तिकडे वाइन होती, पण भिशीत वाइन ठेवली तर पुढची भिशी कोणाकडेच होणार नाही. ट्राजनच्या नाण्याचा मोठा छापलेला फोटो. प्लिनीने देवांच्या मूर्तींबरोबर बादशहाची प्रतिमाही मुद्दाम आणवून ठेवली होती, म्हणून तो हवाच. देवांच्या मूर्ती मात्र मी ठेवत नाही. घरातले देव खेळात आणायचे नाहीत. 'इथे ज्युपिटर आहे असं समजा' म्हटलं की पुरतं.

धुपाच्या बाबतीत मी हट्टी आहे. अगरबत्ती चालणार नाही. ती एकदा लावली की आपली आपण जळत राहते, आणि या खेळाचा सगळा जीव आहे स्वतःच्या बोटांनी चिमूट उचलून निखाऱ्यावर टाकण्यात. सियागंजात सालईचा डिंक विचारा. रोमन लोकांचा धूप यायचा अरबस्तानाकडून, पण ते झाड आणि आपली सालई भावंडंच. सातपुड्याच्या जंगलात सालई आहेच. खलबत्त्यात जाडसर कुटा, पूड करू नका. पूड भसकन जळून जाते. खडा टाकला की आधी तडतडतो, मग कडेने वितळतो, मग पांढऱ्या धुराची एक रेघ सरळ वर जाते. तेवढा वेळ गच्चीवर कोणी बोलत नाही.

आता चिठ्ठ्या. त्यांवर नावं लिहू नका, कामं आणि भानगडी लिहा. एक सधन विधवा, जिच्या घरी मंडळी (म्हणजे तिथला ख्रिस्ती समाज) जमते. तेव्हा चर्चची इमारत अशी नव्हती, घरंच होती. युफ्रेटिसकाठच्या ड्यूरा-युरोपसला असं एक घर सापडलं आहे, २४० च्या सुमारास मधली भिंत पाडून मोठी खोली केलेलं आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधलेलं. मग दोन गुलाम बायका, मंडळीत सेवेचं पद असलेल्या. एक माणूस जो २० वर्षांपूर्वीच मंडळी सोडून गेला. एक रोमन नागरिक. एक मूर्तिकार. एक शाळामास्तर. बळीचं मांस विकणारा एक, ज्याचा धंदा बसला आहे. एक शेजारी. आणि एक असा की ज्याला यातलं काही माहीत नाही, पण यादीत नाव आलं. चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात ख्रिस्ती 'आहे', 'नाही' किंवा 'होतो, आता नाही' असं लिहा. दुसऱ्याला दाखवायची नाही.

चिठ्ठ्या वाटतानाच कधीकधी खेळ सुरू होतो. गेल्या वेळी मूर्तिकाराची चिठ्ठी आली आमच्या तळमजल्यावरच्या काकूंना. त्या बाळकृष्णाचे वाघे, म्हणजे मूर्तीचे कपडे, शिवतात, जरीचे, बोटभर लांबीचे. जन्माष्टमीच्या आधी महिनाभर त्यांच्याकडे बसायला जागा नसते. मी सांगितलं की ख्रिस्ती व्हायचं तर मंडळीचा नियम असा: मूर्ती घडवणं बंद. काकूंनी चष्मा वर केला. 'आणि मग खायचं काय?' मी म्हटलं, काकू, तुमचं वाक्य अठराशे वर्षं जुनं आहे. टर्टुलियन नावाचा, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा कडक ख्रिस्ती लेखक लिहून गेला आहे की हे कारागीर नेहमी म्हणतात, आमच्याकडे जगायला दुसरं काही नाही. आणि त्यावर त्याचा उलटा सवाल, मग जगलंच पाहिजे का? काकू म्हणाल्या, 'त्याला म्हणावं, तू कुठे शिवतोस रे?' मास्तराचं जरा बरं होतं. जुन्या मंडळींच्या नियमांत सापडतं की मुलांना शिकवणाऱ्याने ते काम सोडलेलं बरं, कारण शाळेतले धडे म्हणजे देवांच्याच गोष्टी. पण दुसरा धंदा येत नसेल तर चालेल. नट आणि ग्लॅडिएटर यांना अशी सूट नव्हती.

शेजाऱ्याची चिठ्ठी सगळ्यात चांगलं बोलणाऱ्याला द्या, सोडतीवर टाकू नका. शेजारी दुष्ट निघाला की खेळ तिथेच आटोपतो. त्याला मी असं समजावते. गल्लीत गणपती बसतो, सगळे वर्गणी देतात. एक घर देत नाही. आरतीला येत नाही, प्रसाद घेत नाही, मिरवणूक आली की खिडक्या लावून घेतं. माणसं तशी बरी आहेत, उसनं नेलेलं परत करतात. तरी चौथ्या वर्षी कोणीतरी म्हणतंच, यांना आपलं वावडं आहे. आता यात भर घाला की पाऊस, पीक, भूकंप, साथ हे सगळं त्या देवांच्या मर्जीवर चालतं अशी गावाची पक्की खात्री आहे. मग ते घर नुसतं तिरसट राहत नाही, धोक्याचं होतं. टर्टुलियननेच वैतागून लिहिलं आहे की टायबरला पूर आला किंवा नाईलला नाही आला, जमीन हादरली, दुष्काळ पडला, की ओरडा एकच: ख्रिस्त्यांना सिंहापुढे टाका. (सिंह या खेळात आला तो एवढाच.) देऊळ नाही, मूर्ती नाही, बळी नाही, म्हणून लोक त्यांना नास्तिक म्हणत. हे पोरांना दोनदा सांगावं लागतं. दर वेळी कोणीतरी म्हणतं, 'अरे भिया, नास्तिक कसे, ते तर भजन करताहेत!'

त्या भजनापासून पहिला अंक सुरू करा. प्लिनीने सोडून गेलेल्यांना खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं: ठरल्या दिवशी उजाडण्याआधी जमायचं, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गायचं, आणि शपथ घ्यायची, चोरी करणार नाही, लुबाडणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी विश्वासाने ठेवलेलं मागितलं की नाकारणार नाही. मग पांगायचं, आणि नंतर परत जेवायला जमायचं, साधं नेहमीचं अन्न. उजाडण्याआधी का, तर दिवसा कामं होती. रविवारची सुट्टी कॉन्स्टंटाइन बादशहाने ३२१ मध्ये दिली. आम्ही एकदा हौसेने खरंच पहाटे पाचला गच्चीवर जमलो. दूधवाल्याने खालून विचारलं, 'क्या हुआ, कोई गुजर गया क्या?' अंधारात चोरून जमणाऱ्यांबद्दल लोक काय समजतात, हे त्या दिवशी वेगळं सांगावं लागलं नाही.

मंडळीत सगळ्यांनी एकमेकांना भाऊ आणि ताई म्हणायचं. नवरा-बायकोनेसुद्धा. दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊसाहेबांना आपल्या पत्नीला ताई म्हणायची वेळ आली तेव्हा गच्ची हसून लोळली, आणि तेच हवं असतं. कारण हे लोक बहीण-भावांशी लग्नं लावतात ही अफवा अशीच कुठेतरी भिंतीआडून ऐकणाऱ्याने उठवली असणार. मंडळीच्या जेवणात भाकरी आणि वाइनला ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणतात, ते शब्द कानावर पडले, की मूल मारून खातात ही दुसरी.

एक डबा फिरवा. प्रत्येकाने झेपेल तेवढं टाकायचं, सक्ती नाही. महिन्याच्या अशा वर्गणीतून गरिबांचं दफन, पोरकी मुलं, म्हातारे झालेले घरगडी, जहाज फुटून सगळं गेलेले, यांना मदत व्हायची. २५१ मध्ये रोमच्या बिशपने एका पत्रात आकडा दिला आहे: त्या एका शहराची मंडळी १५०० हून अधिक विधवा आणि गरजू पोसत होती. हे गाळलंत तर माणसं एवढा त्रास सोसून तिथे राहिली का, ते कोणाला कळणार नाही.

डबा फिरला की आमच्या भिशीकडे बोट दाखवून मी सांगते, आपण बेकायदेशीर आहोत. निकोमीडिया शहरात मोठी आग लागली तेव्हा प्लिनीने १५० जणांचं अग्निशामक पथक नेमू का, असं विचारलं. ट्राजन नको म्हणाला. लोक कुठल्याही कारणाने एकत्र आले की थोड्या दिवसांत त्यांचा राजकीय अड्डा होतो, बंब आणून ठेवा आणि घरमालकांनाच विझवू द्या. अमिसस नावाच्या शहरात वर्गणी काढून चालणारी मंडळं होती, थेट भिशीच म्हणा. तिथे करारानुसार त्यांचे स्वतःचे कायदे होते म्हणून परवानगी मिळाली. रोमन कायद्याखालच्या बाकी शहरांत बंद. प्लिनीने मंडळांवर बंदीचा हुकूम काढल्यावर ख्रिस्त्यांनी ते दुसरं, जेवणाचं जमणं सोडून दिलं होतं.

खटल्याआधी दोन वाट्या शिरा ठेवा. एक नैवेद्य दाखवलेला समजायचा, एक न दाखवलेला, आणि कुठला कुठला ते फक्त यजमानाला माहीत. तिकडे हा घोळ मांसाचा होता. बाजारात येणारं बरंच मांस देवळातल्या बळीचं. पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल याने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलं होतं की बाजारात मिळेल ते खा, चौकशी करत बसू नका. पण कोणी स्वतःहून सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. शिरा दोन्ही वाट्यांत एकच असतो. तरी चमचा हातात घेऊन माणसं कशी थबकतात ते बघा. ज्या घरांत लसूण चालत नाही त्या घरच्यांना हे काही समजवावं लागत नाही, लग्नाच्या पंगतीत न विचारता जेवायची कला त्यांना येते.

आता पाट मांडा, निखारा फुलवा.

सुभेदार शांत माणूस निवडा. तो एकच प्रश्न विचारतो: तू ख्रिस्ती आहेस का? हो म्हटलं तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, शिक्षेची धमकी देऊन. तिन्ही वेळा हो आलं तर त्याला जिन्याकडे पाठवायचं. तिथे काय होतं ते दाखवू नका. नागरिकाचा कागद वेगळा ठेवायचा, त्याला रोमला पाठवायचं. नाही म्हणणाऱ्याने तीन गोष्टी करायच्या: सुभेदारापाठोपाठ देवांना आवाहनाचे शब्द म्हणायचे, बादशहाच्या फोटोपुढे चिमूटभर धूप आणि पळीभर सरबत, आणि तिसरं, ख्रिस्ताला शिव्याशाप. तिसरं मी गाळते. खेळातसुद्धा कोणाच्या देवाला शिवी द्यायची नाही.

हे गाळायला मला शिकवलं आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या सिस्टरनी. निवृत्त नर्स, मूळच्या नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. पहिल्या-दुसऱ्या खेपेला मी त्यांना बोलावलंच नव्हतं. नंतर जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, 'बाई, आमचाच खटला भरवला आणि आम्हालाच समन्स नाही?' मला फार ओशाळल्यासारखं झालं. तेव्हा तुमच्या ओळखीत कोणी ख्रिस्ती असेल तर आधी त्यांना विचारा. तिसऱ्या खेपेला त्या आल्या, बसून सगळं पाहिलं, आणि एकच दुरुस्ती सांगितली: तुम्ही सगळ्यांना शूर केलंय, थोड्यांना पळू द्या. बरोबरच होतं. स्मर्ना शहराचा म्हातारा बिशप पॉलिकार्प १५५ च्या सुमारास जाळला गेला, तोही आधी मंडळीच्या आग्रहाने मळ्यावर जाऊन राहिला होता. तेव्हापासून दोन चिठ्ठ्यांवर मी 'गावाबाहेर नातेवाईक आहेत' असं लिहिते.

सुभेदाराने ओरडायचं नाही. हीच चूक सगळे करतात. पॉलिकार्पला पकडून नेताना पोलीस अधिकाऱ्याने त्याला आपल्या गाडीत शेजारी बसवून समजावलं होतं की 'सीझर प्रभू' म्हणून धूप टाकण्यात काय बिघडतं, जीव वाचव. कार्थेजला २०३ मध्ये पर्पेटुआ नावाची तरुण आई उभी होती, तान्हं मूल असलेली. सुभेदार तिला म्हणाला, बापाच्या पांढऱ्या केसांकडे बघ, बाळाकडे बघ, बादशहासाठी एवढा होम कर. कोणाला मारायची हौस म्हणून हे चाललेलं नाही, कागद निकालात निघावा एवढंच त्याला हवं आहे. माझा तेरा वर्षांचा नातू प्लिनी झाला होता तेव्हा त्याने सगळं लिहिलेलं बाजूला ठेवलं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना म्हणाला, 'काकू, टाका ना एवढं, मग पोहे आहेत.' काकूंच्या चिठ्ठीवर 'आहे' होतं. त्यांनी चिमूट उचलली, निखाऱ्यावर धरली, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. बोटांना धग लागायला लागली तेव्हा हात मागे घेतला आणि खडे परत वाटीत टाकले. गच्चीवरून रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज येत होते. नातू म्हणाला, 'दुसऱ्यांदा विचारतो.'

पिशवीत एक निनावी यादीही ठेवा आणि शेजाऱ्याकडून मध्येच ती पाटावर टाकवा. प्लिनीकडे अशी एक आली होती, बरीच नावं असलेली. गुलाम बायकांच्या चिठ्ठ्या ज्यांना आल्या त्यांना वेगळं बसवून मी फक्त सांगते की त्या दोघींना प्लिनीने छळ करून विचारलं, आणि एका अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काही सापडलं नाही, असं लिहून मोकळा झाला. त्यांची नावं त्याने लिहिली नाहीत.

मग बादशहाचं उत्तर वाचा, उभं राहून. मुद्दे चार. यांना शोधत फिरायचं नाही. कोणी समोर आणून सिद्ध केलं तर शिक्षा. नाकारलं आणि देवांची पूजा केली तर मागचं काही असो, माफी. निनावी कागद कुठल्याही खटल्यात घ्यायचे नाहीत, ते आपल्या काळाला शोभत नाही. गेल्या खेपेला एक दहा वर्षांची मुलगी लगेच म्हणाली, 'चोर असतील तर शोधत का नाहीत, आणि नसतील तर शिक्षा कशाला?' टर्टुलियनने हाच आक्षेप पानभर घेतला आहे. मी तिला जास्तीची जिलेबी दिली.

इथे पोहे-जिलेबी द्या. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावण मसाला विसरू नका. पहिल्या अंकात जिन्याकडे गेलेले परत येतात आणि सगळे नव्याने खेळतात.

दुसरा अंक २५० सालचा, आणि तो मला जास्त आवडतो कारण त्यात शूरपणाला जागा कमी आहे. डेसियस बादशहा २४९ मध्ये गादीवर आला. सीमेवर टोळ्या, आत बंडं. त्याने हुकूम काढला की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. सगळ्यांनी, फक्त ख्रिस्त्यांनी असं नव्हे. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत, त्यात मगरदेव पेटेसुखोसच्या पुजारणीचासुद्धा एक आहे. तिनेही रांगेत उभं राहून सिद्ध केलं की आपण देव मानतो.

दाखल्याचा नमुना मी छापून ठेवते. मूळ एक असा आहे: अलेक्झांडरचं बेट नावाच्या गावचा ऑरेलियस डायोजेनिस, साताबूसचा मुलगा, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आणि आत्ताही तुमच्या समोर हुकुमाप्रमाणे बळी दिला, अर्घ्य वाहिलं आणि प्रसादाचं मांस खाल्लं; कृपया खाली सही करून द्यावी. तारीख आपल्या हिशेबाने २६ जून २५०.

आमच्या भिशीत हे वाचून जेवढी ओळख पटते तेवढी दुसऱ्या कशाने नाही, कारण निम्म्या जणी पेन्शनवाल्या. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला भरतात. एकदा एका ठिकाणी माझ्याच तोंडावर मला सांगण्यात आलं होतं की सही जुळत नाही, तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध होत नाही. ओळखखूण लिहिताना मात्र गंमत येते. डाव्या गालावर तीळ, मनगटावर गोंदण, पोळीचा चटका. एकीला अंगावर खूणच सापडेना, तिने शेवटी लिहिलं, 'चेहरा त्रासिक'. मी सही करून दिली.

दाखला मिळवायचे तीन रस्ते ठेवा, गुपचूप निवडायचे. खरंच बळी द्यायचा (दाखवलेला शिरा खायचा). नुसता धूप टाकायचा. किंवा यातलं काहीच न करता कारकुनाला पैसे चारून दाखला विकत घ्यायचा. कारकून म्हणून पोरांनाच बसवा, शेंगदाण्याच्या चिक्कीवर काम होतं. चौथा रस्ता न घेण्याचा. तो घेतलेल्यांना गच्चीच्या कोपऱ्यात चटईवर बसवा, तो तुरुंग.

मग जाहीर करा की डेसियस लढाईत मेला, २५१. हुकूम थंडावला. दाखलेवाले मंडळीच्या दाराशी येऊन उभे आहेत, आम्हाला परत घ्या. यातून पुढे जे झालं ते कार्थेजच्या बिशप सिप्रियनच्या पत्रांत आहे, आणि शाळेच्या पुस्तकात मी कधी पाहिलं नाही. तुरुंगात राहून आलेल्यांना फार मान होता, ते शिफारशीच्या चिठ्ठ्या द्यायला लागले. काही चिठ्ठ्यांवर नुसतं 'अमुक आणि त्याची माणसं' असं असायचं आणि एका चिठ्ठीवर वीस-तीस जण आत. (हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.) सिप्रियन चिडला. पण तो स्वतः २५० मध्ये लपून राहिला होता, त्यामुळे लोकही त्याला ऐकवायचे. शेवटी २५१ च्या सभेत ठरलं की ज्यांनी फक्त दाखला विकत घेतला त्यांना चौकशी करून परत घ्यावं, ज्यांनी खरंच बळी दिला त्यांनी प्रायश्चित्त करत राहावं, मरायला टेकल्यावर आत. पुढची धरपकड येणार असं वाटलं तेव्हा तेही सैल केलं. २५८ मध्ये मात्र सिप्रियन पळाला नाही. १४ सप्टेंबरला त्याचा शिरच्छेद झाला.

हा निकाल आधी सांगू नका. चटईवरच्यांना मंडळी करा, बाकीच्यांना दारात उभं करा, एकेकाला बोलू द्या, आणि अर्धा तास राखून ठेवा. घड्याळ लावलंत तर वाया जाईल. माणसं खेळ विसरतात. 'मला मुलं होती' असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं, मी नवऱ्याच्या नावाने एकटीने धूप टाकला म्हणून घरचे बाकी सगळे वाचले. अशी प्रकरणं खरोखर होती. चिक्की देऊन दाखला घेतलेला भाऊसाहेबांचा मुलगा म्हणाला, 'मी तर काही केलंच नाही, फक्त कागद आहे.' यावर चटईवरून आमच्या वाघेवाल्या काकू कडाडल्या, 'कागदावर काय लिहिलंय ते वाच की मोठ्याने.'

मतं घेतली तर सारखी पडली. सिस्टर राहिल्या होत्या. त्या गुडघा दुखतो म्हणून खुर्चीवरच बसल्या होत्या, त्यांनी थोडा विचार केला. 'येऊ दे आत,' म्हणाल्या, 'मागच्या बाकावर. आणि ती चिक्की खाल्लेला कारकून कुठेय? त्यालाही बोलवा.'

निखारे कुंडीतल्या मातीत पुरून विझवा. पाणी ओतलं की फरशी तडकते, आमची तडकली आहे.